गुहेचं मी तुला सांगितलं नव्हतं

प्रिय यश,

तू मला अनूला आणायला पाठवलंस. तुझी बहीण भेटली. हातापायानं धड आहे, एवढं आधी लिहिते, बाकीचं सावकाश. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वैतागू नकोस. मी आत्ता इथल्या विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसले आहे. तूच शिकवलंस, आजी, खुर्ची मागायची, म्हणजे वाट चुकत नाही. चांगली तुरुतुरु चालणारी बाई मी, पण नवरीसारखी बसून सगळ्यांच्या पुढं गेले. विमानाला अजून वेळ आहे आणि अनूनं वहीतले कागद फाडून दिलेत. तर ऐक.

त्या समुद्रकाठच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तुला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. समुद्रातून डोंगर असे सरळ उभे आहेत, जशी कुणी ऊस तोडताना मधली चार धाटं तशीच ठेवून दिली असावीत. होड्यांच्या नाकाला रंगीत कापडं गुंडाळतात, आपण बेंदराला बैलाच्या शिंगांना गोंडे बांधतो तशी. अनूची खोली एका धोब्याच्या दुकानावर आहे. एक खाट, एक शेगडी, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. अनूनं ज्याच्याशी लग्न केलं तो पोरगा एका मोठ्या हॉटेलात आचारी आहे. आपल्याकडचे लोक लग्न लावायला तिकडं जातात म्हणे, त्यांच्या पंगतीची आमटी तो करतो. त्याचं नाव घरात घ्यायचं नाही म्हणून तू तुझ्या आईच्या अंगावर ताट फेकलं होतंस. नाव घेत नाही. पण तो माझा नातजावई आहे. लिहिलं बघ. पेनानं लिहिलंय, आता खोडायचं म्हटलं तरी दिसणारच.

पहिल्या दिवशी अनूनं मला बाजारात नेलं. काय तो बाजार! वाळलेले माकूळ मासे दोरीवर कपड्यांसारखे टांगलेले, बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात, लाल केसांची फळं. आणि एक काटेरी फळ असतं फणसासारखं, त्याचा वास म्हणजे गटारात गुळाची ढेप पडावी तसा. लोक पैसे देऊन खातात. मी एका बाईशी आंब्यावरून भांडले. मी माझ्या भाषेत, ती तिच्या. दोघींना सगळं समजलं. शेवटी तिनं एक आंबा वर घातला आणि माझ्या गालाला हात लावला. माझं सगळं ध्यान आंब्यात होतं, तरी एक गोष्ट नजरेतून सुटली नाही. अनू कुठंही उभी राहिली की भिंतीला पाठ लावून उभी राहायची. जेवायला बसलो तर दाराकडं तोंड करून बसली. मी म्हटलं, काय गं, कुणाची वाट बघतीस? ती म्हणाली, सवय लागली आजी.

संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालास, आज बाजारात लई येळ होतीस वाटतं, पाय दुखलं असतील. मला इतकं बरं वाटलं यश. म्हटलं, नातू किती जपतो. मी अनूला म्हटलंसुद्धा, बघ, तो निवळलाय, तू उगाच भितीस. ती उठून दाराची कडी बघून आली.

दुसऱ्या दिवशी होडीतून गुहा बघायला गेलो. मला वाटलं होतं, समुद्राची भीती वाटेल. नाही वाटली. पाणी असं हिरवं की बुडाचे दगड मोजावेत. वाटेत एका खडकावर माकडं बसली होती, आपल्या जोतिबाच्या डोंगरावरच्यांसारखीच चोरटी, एकानं नातजावयाच्या हातातली केळी नेली. पुढं गुहेत त्यांची एक देवी आहे. कोळी लोक समुद्रात जायच्या आधी तिला नवस बोलतात, आणि जे वाहतात ते लाकडाचं असतं, पण ते काय असतं हे मी लिहिणार नाही. तुझं लग्नाचं वय झालंय, समजून घे. गुहेच्या तोंडाशी गुडघाभर पाणी होतं. अनूनं माझं लुगडं वर खोचलं आणि माझा हात धरून एकेक पाऊल टाकत नेलं. मला तुम्ही दोघं आठवलात. आपली ती पांढऱ्या कपाळाची म्हैस होती, तू तिला इतका भ्यायचास की गोठ्यापुढनं जायचा नाहीस. अनू तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, कमरेएवढी पोर, पण ती तुझा हात धरून म्हशीच्या बाजूनं स्वतः चालायची आणि तुला भिंतीकडनं चालवायची. शाळेला जाताना रोज. मी चुलीपुढून बघायची आणि हसायची.

त्या संध्याकाळी पुन्हा तुझा फोन. मी अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती. तू विचारलंस, आजी, गुहेत पाय घसरला न्हाई न्हवं? मी म्हटलं, न्हाई रे बाळा, अनूनं धरलंतं. तू म्हणालास, बरं बरं, जीव रमतोय न्हवं. आणि फोन ठेवलास.

यश, गुहेचं मी तुला सांगितलं नव्हतं. सांगायला वेळच कुठं झाला होता? अनूचा नंबर तुझ्याकडं नाही. आम्हा तिघांशिवाय तिथं कोण होतं? माकडं आणि ती देवी. मी खाटेवर बसले, कमरेच्या पिशवीतनं तो नवा फोन काढला आणि विंचू धरावा तसा दोन बोटांत धरला. किती प्रेमानं दिला होतास, आजी हा कधी बंद करायचा न्हाई, झोपतानासुद्धा जवळ ठेवायचा. मी बाजारात होते तेव्हा तू बाजारात होतास. मी गुहेत होते तेव्हा तू गुहेत होतास. पाण्यात अनूनं माझा हात धरला होता, आणि मी तिच्या दारात तुला घेऊन उभी होते.

मग एकेक आठवायला लागलं. शेजारच्या झुंबरबाईच्या फोनवर अनू माझ्याशी बोलते हे तुला कळलं, त्या दिवशी तू ओरडला नाहीस. वर्षभर जातीवरून घर डोक्यावर घेणारा तू एकदम गोड झालास. आजी, आम्ही माफ केलं, तू जा आणि तिला घेऊन ये, येईना तर निदान बघून तरी ये. माझा पासपोर्ट केलास, नवी शाल आणलीस. देवघरात पासपोर्ट ठेवलेले मी बघितले होते, आणि ते तीन होते. एक माझा. दुसऱ्यावर तुझा फोटो, तिसऱ्यावर तालमीतल्या त्या अमरसिंहाचा. मी विचारलं, हे कशाला रे? तू म्हणालास, पुढच्या वर्षी सगळेच फिरायला जाऊ. मी विश्वास ठेवला. निघायच्या आदल्या दिवशी गोठ्याच्या मागं तू त्याला म्हणत होतास, म्हातारी पोचली की ठिकाण कळतंय. मला वाटलं, माझीच काळजी चाललीय. जत्रेच्या बकऱ्याला आधी हार घालतात, यश. बकऱ्यालाही वाटत असेल, काय मान आहे आपला!

मी अनूला सरळ सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. उठली, खाट ढकलून दाराला लावली, आणि मग कपाटावरची पिशवी काढली. पिशवी भरलेलीच होती. आपली पोर रोज भरल्या पिशवीखाली झोपते.

फोन बंद केला तर तुला कळणार, म्हणून सकाळी मी तो घेऊन बाजारात गेले, रोजच्यासारखी. ती दोघं मागं खोली आवरत होती. गाडीची वेळ झाली की अनू मला न्यायला येणार होती. मी भ्यालेय हे कुणाला कळू नये म्हणून मी एका पपईवालीशी भांडण काढलं, व्हय गं भवाने, सडकी कशाला गळ्यात मारतीस? आणि मागनं आवाज आला, ओ मावशी, कुठल्या म्हणायच्या तुम्ही?

परमुलखात आपली भाषा कानावर पडली तर माणूस रडेल. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, आलास तू. वळून बघते तर एकसारख्या टोप्या घातलेले पंधरा-वीस बाप्ये. खताच्या कंपनीनं दुकानदारांना सहलीला आणलेलं. पुढचा होता तो आकाराम, बिद्रीच्या पलीकडचा, मोठ्या पोटाचा, तोंडभर हसणारा. आपल्या माणसांची रीत तुला माहीत आहे. नाव, गाव, पावणं, तीन प्रश्नांत नातं काढून चहाला बसतात. मी म्हटलं, मी चंदगडची. लांबचं सांगावं म्हटलं. तर तो खूश, अहो माझ्या भणीला तिकडंच दिलीया की! कुणाच्यातल्या तुम्ही? मी म्हटलं, वरच्या आळीतल्या. वरच्या आळीत कुणाच्या? मी म्हटलं, लई वरच्या. तो डोळे बारीक करून म्हणाला, मावशी, बोली तर तुमची आमच्याकडचीच लागतीया, चंदगडची न्हाई वाटत. माहेर कुठलं?

आणि तेवढ्यात अनू आली. डोक्यावर तिकडच्या बायका घालतात ती गवताची टोपी. तिनं त्या टोपीवाल्यांची बोली ऐकली आणि जागीच थांबली. पळाली असती तर सगळं संपलं असतं. ती पुढं आली, हात जोडून वाकली आणि तिकडच्या त्या गाणं म्हटल्यासारख्या भाषेत माझ्याशी बोलायला लागली. माझी नात, जिला मी पाळण्यात बोबडं बोलायला शिकवलं, ती माझ्यापुढं परकी होऊन उभी, आणि मी समजल्यासारखी मान हलवतेय. मी म्हटलं, हाटेलातली पोरगी आहे, न्यायला आलीय. आकाराम म्हणाला, काय ग्वाड बोलतीया! आणि बघा की, अगदी आपल्यातल्या पोरीगत दिसतीया. थांबा, दोघींचा फोटू काढू, ग्रुपवर टाकतो, चंदगडची मावशी थायलंडात!

त्यानं फोन वर केला. त्या ग्रुपवर आपल्या तालुक्यातलं प्रत्येक खताचं दुकान असणार. अनूचा हात माझ्या हातात होता आणि तो मेलेल्या माशासारखा गार पडला. मग माझं तोंड सुटलं. मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, आरं ए, परक्या पोरीबाळींचं फोटू काढतोस, घरी आया-भणी न्हाईत व्हय? बायकूला पाठव की हा फोटू, बघू काय म्हणती! बाकीचे टोपीवाले खदाखदा हसले. तो बिचारा लाल झाला, फोन खिशात घातला, चुकलं मावशी म्हणाला. मनातनं चांगला माणूस. वाळलेल्या आंब्याची पिशवी त्यानं खाली ठेवली होती, ती उचलून मीच त्याच्या हातात दिली, आणि देताना तू दिलेला तो फोन तिच्या तळाला सरकवला. अनूनं सकाळीच फोनचा आवाज बंद केला होता. म्हणजे तू जर गेले दोन दिवस मला त्या टोपीवाल्यांच्या बसमधनं फिरताना बघत असशील, तर ती मी नव्हते. त्या पावण्याच्या दारात जाऊन तमाशा करू नकोस, त्याला काही ठाऊक नाही.

आम्ही त्याच दुपारी ते गाव सोडलं. नव्या गावाचं नाव मला माहीत आहे. मी खोटं बोलणार नाही, माहीत नाही म्हणणार नाही. अनू माझ्या कमरेला मिठी मारून म्हणत होती, जाऊ नको आजी, इथंच राहा, तो तुला काय करील सांगता येत नाही. मला राहावंसं वाटलं. पण मी नाही परतले तर तू पोलिसात जाशील, आजी हरवली म्हणून गळा काढशील, आणि मग तिकडचे पोलीसच तुझ्यासाठी दारोदार फिरून तिला शोधून काढतील. म्हणून मला आलंच पाहिजे. गल्लीतल्या प्रत्येकानं मला धडधाकट बघितलं पाहिजे. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, घरात पाऊल टाकल्यावर माझ्याच हातानं तुला देणार आहे. तोंडानं सांगायला गेले तर माझे दात वाजतील आणि ते तुला दिसेल, म्हणून लिहिलं. विमानाला मी भ्याले नाही, समुद्राला भ्याले नाही. तुला भिते यश. तुझं हगणंमुतणं काढलेली बाई मी, आणि आपल्याच घराची पायरी चढायला भिते. आत्ता तू हे उभ्यानं वाचत असशील आणि मी समोर बसलेली असेन. वाचून झालं की मान वर कर. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. हात उचलायचा असेल तर आधी पुढचं दार उघड, आणि मग उचल. गल्लीला बघू दे.

तुझीच,
आजी