काळीपिवळीतून समुद्राकाठी

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रजा मंजूर! सहा दिवस! अर्जात कारण 'ट्रायथलॉन' लिहिलं होतं. साहेबांनी दोनदा वाचलं. "हे कोनतं देवस्थान?" म्हटलं, कोकणात आहे, कडक आहे. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळत दर्शन. "नवस हाय का?" म्हटलं, हो. सही झाली.

फार खोटं बोलले नाही. नवसच आहे एक प्रकारचा. दिवाळीत ऋषिकेश पुण्याहून आला आणि पुन्हा तेच टुमणं — कंडक्टरकी सोड, चाकणला चल, कंपनीचं जेवण खाऊन माझं पोट बिघडलं. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली तीन ह्या एका भांडणात गेली. शेवटी रागाच्या भरात मीच म्हटलं, सात डिसेंबरची शर्यत वेळेत पूर्ण केली तर हा विषय परत काढायचा नाही. नाही झाली तर जानेवारीत राजीनामा देऊन येते. तो हसला. "तू? समुद्रात? शब्द म्हणजे शब्द हां!"

माझ्या जिभेला हाड नाही, हेच खरं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

डॉ. निताचा फोन. कमरेत उसण भरली, त्या काही येत नाहीत. वा! मला ह्या खड्ड्यात ढकलणारी बाई स्वतः वाशिमला गरम पाण्याची पिशवी घेऊन पडणार!

दातांच्या डॉक्टर आहेत. मी पहाटे गावाहून रिसोड डेपोला सायकलने जाते, कारण पहिल्या गाडीच्या आधी गाडी नसते. एकदा रस्त्यात त्यांची सायकलवाली टोळी दिसली — चकचकीत कपडे, काळे चष्मे. मी खाकी ड्रेसवर, कॅरिअरला डबा बांधून, त्यांना मागे टाकलं. मुद्दाम नाही, ड्यूटी होती. त्यांनी पाठलाग करून नाव विचारलं, पुढच्या महिन्यात आपली जुनी रेसची सायकल देऊन टाकली आणि परस्पर शर्यतीत नाव घातलं. म्हणे, "वैजयंती, सायकल तुला येतेच. फक्त आधी पोहायचं आणि नंतर पळायचं."

फक्त!

३० नोव्हेंबर, रविवार

आज विहिरीतला शेवटचा सराव. सासू नेहमीप्रमाणे कठड्यावर दोरी घेऊन बसलेली, तोंडाने शिव्या चालू.

हे दोरीचं प्रकरण एकदा लिहून ठेवायला हवं. ऑगस्टात पहिल्यांदा आमच्या विहिरीत उडी मारली आणि शेजारच्या वावरातल्या नानीबाईनं बोंब ठोकली — "कस्तुराबाईच्या सुनंनं जीव देला वोऽ!" अर्धं गाव दोर घेऊन धावलं. कोणी बाज आणली. मी खालून ओरडतेय, अहो पोहतेय मी, पोहतेय! वरून कोणी तरी म्हणतं, "असं तं सगळ्याच म्हनतात. आधी वरतं ये, मंग पोह."

बाजेवर बसवून मला वर काढलं. आणि सगळे सासूकडे बघायला लागले. चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही, म्हणजे ही म्हातारी छळत असणार! नानीबाई तर पोलीस पाटलाला फोन लावत होती. सासूचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तर ही दोरी घेऊन पुढे. "तू पोह. मी कठड्यावर बसतो. लोकायले दिसलं पायजे का मी हाओ." तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. माझं डोकं जरा जास्त वेळ पाण्यात राहिलं की वरून हाक — "वरतं येऽ!"

म्हणून शर्यतीलाही येणार आहे. म्हटलं, आई, एवढ्या लांब कायले? "तिकडं काठावर कोन बसीन मंग?"

४ डिसेंबर, गुरुवार. तुळजापूर

निघालो. गाडी इंद्रभान मामाची, म्हणजे सासूच्या भावाची काळीपिवळी जीप. काय दिवस आले! सहा वर्षं हा मामा रिसोड–शिरपूर रस्त्यावर माझे पॅसेंजर फाट्याफाट्यावरून पळवतोय, आणि आज मी त्याच्या पुढच्या सीटवर. डेपोतल्या कोणी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून गावाबाहेर बसले.

मामाला एक रोग आहे. रस्त्याकडेला कोणी उभं दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर. जिंतूरच्या अलीकडे तिघं घेतली. म्हटलं, मामा, आपण शर्यतीला चाललोय! "अवो, मानूस उनात उभा हाय. आन तसंही मांगचं सीट रिकामंच जाऊन राह्यलं ना?" परभणीपर्यंत अकरा जण. टपावर माझी सायकल, तिला टेकून कुणाचं कोंबड्यांचं खुराडं. डॉ. निता म्हणाल्या होत्या पायांना विश्रांती दे. पायांवर एका आजीचं गाठोडं होतं.

सर्वांत वाईट म्हणजे अंबाजोगाईच्या पुढे माझंच तोंड सुटलं — "चला, मागं सरका, मधी जागा करा!" मामा आरशातून हसला.

देवीचं दर्शन झालं. सासूने माझ्यासाठी काय मागितलं, सांगत नाही. "तुह्यासाठी कायले मांगू? माह्यासाठी मांगलं," म्हणाली.

५ डिसेंबर, शुक्रवार. कोल्हापूर

सोलापूर, मग रस्ताच रस्ता. शर्यतीच्या आधीच्या दिवसांत काय खावं ह्याचा कागद डॉक्टरांनी दिला होता. सासूने तो वाचून घेतला आणि त्याच्यात चटणी-भाकरी बांधली.

संध्याकाळी ऋषिकेशचा फोन. खोली बघून ठेवली म्हणाला. स्वयंपाकघर वेगळं आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. आधीच! मला राग आला. आणि खोटं कशाला, थोडी दयाही आली. आवाज अगदी बारीक झाला होता त्याचा. पण म्हणून मी काय आयुष्यभर त्या खिडकीतून डोंगर बघत बसू? मला फाटे आवडतात. माझी गाडी, माझी भांडणं, सुट्ट्या पैशांवरून होणारी सुद्धा. हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, "गाडीत काय आहे एवढं?" मला सांगता येत नाही. मग आणखी राग येतो.

६ डिसेंबर, शनिवार. समुद्र

फोंडा घाट उतरून आलो. सासू वाळूत उभी राहिली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याले कठडा कुठं हाय?" पिशवीतून दोरी काढली, तिच्याकडे बघितलं, परत ठेवली.

दुपारी सरावाला पाण्यात गेले आणि कपाळावर हात मारायची वेळ आली. खारं पाणी तर बरंच आहे, इथे बुडायलाच मेहनत लागते! सरळ पोहत होते, म्हणजे मला वाटत होतं. होडीतला पोऱ्या वल्हं मारत आला. "ताई, समुद्र तिकडे. तुम्ही परत निघालात."

चार महिने विहिरीत! विहिरीत सरळ जाणार कुठे? दर आठ-दहा हातांनी भिंत, की वळ डावीकडे. आता समोर भिंत नाही तरी अंग वळतंच. पुन्हा गेले, पुन्हा तेच, गिरणीच्या पट्ट्यासारखी गोल. मामा वाळूत लोळून हसला. सासूने त्याला चप्पल फेकून मारली.

होडीवाल्याने तोडगा सांगितला — दर थोड्या वेळाने डोकं वर काढून लांबचा, खुणेसाठी पाण्यावर सोडलेला पिवळा फुगा बघायचा. वेळ जाईल, पण पोचाल. वेळच तर नाहीये बाबा.

७ डिसेंबर, रविवार, पहाट

दोनदा संडासला जाऊन आले. सासूने कपाळाला अंगारा लावला, तो पाण्यात धुऊन जाणार आहे हे तिलाही माहीत आहे. निघते.

८ डिसेंबर, सोमवार. परतीच्या वाटेवर, ढाब्यावर

काल लिहिणं झालं नाही.

पोहणं झालं. डोकं वर काढ, फुगा बघ, डावीकडे गेलीस ये परत, असं करत जवळजवळ शेवटी, पण वेळेच्या आत बाहेर आले. नाकातोंडात अख्खा अरबी समुद्र. किनाऱ्यावर म्हातारी कमरेइतक्या पाण्यात उभी! स्वयंसेवक तिला मागे ओढत होते आणि ती त्यांना.

सायकल! काय सांगू! कोकणातला चढ म्हणजे चढच, पण मी हाणली. मागे कुणी तरी चकचकीत चष्मेवाले होते, पुढेही होते, मग सगळे मागेच. एका वळणावर मोठ्याने गाणं म्हटलं. असा दिवस आयुष्यात आला नव्हता, आणि तो मला मिळाला, एवढं तरी कोणी काढून घेऊ शकत नाही.

मग पळणं. ऊन डोक्यावर. शेवटच्या फेरीत पायात पेटके. समोर कमान दिसत होती, कमानीवरचं घड्याळ दिसत होतं. वेळ होता. रिसोड स्टँडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल एवढं अंतर. आणि माझा गुडघा गेला. वाकले, हात जमिनीला टेकले.

"वरतं येऽ!"

आणि म्हातारी रस्त्याकडेला बांधलेल्या दोरखंडाखालून आत. माझा दंड धरला, खांदा काखेत दिला आणि चालायला लागली. मला काही सुचत नव्हतं. चालले. दोघी मिळून कमान ओलांडली. घड्याळात अजून वेळ होता! मामाने तिकडून हॉर्न वाजवायला सुरुवात केली तो थांबेचना. मी सासूच्या गळ्यात पडून रडले. झालं! जिंकले मी!

टोपी घातलेली एक मुलगी आली. फार नम्र होती बिचारी. "मॅडम, वेळेत आलात तुम्ही. पण बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही. नियम आहे. तुमचं नाव बाद झालं."

सासू म्हणाली, "बाहेरची? मी सासू हाओ हिची!"

मुलीने पुन्हा समजावलं. सासूने विचारलं, "म्हनजे मी धरलं म्हनून?" मुलगी म्हणाली, हो आजी. त्यावर म्हातारीने माझा दंड सोडला.

मला तिचा राग आला. लिहून टाकते, आला. मी उठले असते. बहुतेक उठले असते. वेळ होता. पण तिचा हात मी झटकला नाही, हेही खरं आहे.

दोन्ही हातांनी गुडघ्यावर बर्फ धरला होता म्हणून ऋषिकेशला स्पीकरवर फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्याने. टोमणा मारला नाही. "म्हणजे पूर्ण नाही ना झाली," एवढंच. "बरं. आराम कर. जानेवारीत बघू." सासू शेजारीच बसली होती, जीपच्या दाराशी, मिठाने कडक झालेल्या लुगड्यात.

सोलापूरच्या अलीकडे चार माणसं हात करत होती. मामा थांबला नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

ड्यूटीवर. साहेबांनी विचारलं, "दर्शन झालं का?" म्हटलं, गाभाऱ्यापर्यंत गेले, आत घेतलं नाही.

राजीनामा कसा लिहितात, क्लार्कला विचारलं. अंग दुखतंय. प्रत्येक फाटा आला की वाटतं, हा जानेवारीपर्यंतच. शिरपूरला दोन बायका पिशवीच्या जागेवरून भांडल्या तर मी त्यांना भांडू दिलं.

घरी सासू मी येईपर्यंत भाकरी करून, जेवून, भिंतीकडे तोंड करून पडलेली. आमची शेळी नानीबाईकडे बांधून आली. का, तर म्हणे चारा नाही. इतका चारा पडलाय! मी काही विचारलं नाही. माझाही राग अजून गेलेला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळच्या फेरीला आमच्या फाट्यावर म्हातारी उभी. नवं लुगडं, एक पेटी, ज्वारीच्या पिठाचा डबा. म्हटलं, आई, कुठं? "पुन्याले. रिसोडहून पुढची गाडी हाय ना?" मला काही कळेना. "त्याले भाकर पायजे ना? तुह्यापेक्षा मी चांगली करतो. केला मी त्याले फोन. सांगतलं, वैजयंती नाई येत, मी येतो." तूर उभी आहे म्हटलं, तर ते इंद्रभान पाहीन. म्हटलं, तुम्हाला तिथं करमंल का? "नाई करमत," म्हणाली. "तू तिकीट फाड. गाडी लेट होऊन राह्यली."

रिसोडपर्यंत हाफ तिकीट दिलं. तिला खिडकीची जागा मिळाली. मी बाकीची तिकिटं काढायला मागे गेले आणि बराच वेळ मागेच उभी राहिले.