तेजस्वीचा गॉगल

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

तेजस्वीचा मास्क आज सगळा सुटा केला. अर्धा चेहरा झाकणारी लोखंडी जाळी, वरचा गॉगल, मागचे पट्टे — सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलं. क्रांती ओरडली, "भाकरी कुठं थापू, तुमच्या डोक्यावर?" बायकोचं बरोबर आहे. पण तीन वर्षांनी हाताला काम मिळालंय. डॉक्टरांनी छातीपायी गाड्यांचं पेंटिंग सोडायला लावलं, तेव्हापासून नुसता बसून आहे.

पोरगी तेजस्वी रविवारी जोतिबाच्या रस्त्याला जिनेंद्रच्या मैदानावर जाते. जिनेंद्र माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं हे एअरसॉफ्ट काढलंय — प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुका, दोन बाजू, पत्र्यांच्या आडून लपायचं, छर्रा लागला की हात वर करून बाहेर. तेवीस वर्षांची पोरगी आणि हा खेळ! मला आधी हसूच आलं होतं. पण फौजदाराची मुख्य परीक्षा पास झालीय, आता मैदानी चाचणी आणि मुलाखत राहिली. तेवढाच विरंगुळा म्हणते.

तिच्या तक्रारी दोन. जाळी गालाला घासते. आणि थंडीत गॉगलवर वाफ धरते, समोरचं काही दिसत नाही.

१९ नोव्हेंबर

दोऱ्यानं तिच्या चेहऱ्याचं माप घेतलं. कानापासून हनुवटीपर्यंत. स्टुलावर बसवलं होतं, लहानपणी केस कापायला बसवायचो तसं.

"हलू नको."

"मी कुठं हलते? तुमचाच दोरा सरकतोय."

पकडीनं जाळी गालाच्या वळणाला वाकवली. जुन्या हेल्मेटमधला फोम कापून आतून चिकटवला. गॉगलच्या वरच्या कडेला बारीक भोकांचा स्पंज बसवला — वारा खेळेल, वाफ धरणार नाही. घालून आरशात बघून आली. "एक नंबर!"

मधेच फोन वाजला आणि स्टुलावरनं उठून गॅलरीत गेली. विश्वजित. राधानगरीचा. तिच्याच टीममधला. दूध संकलनावर काम करतो, घरी चार म्हशी. मला हे आवडत नाही. तिला सांगितलेलं नाही. पण तिला कळतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रंग मारला. बिबट्याचे ठिपके, तिनंच मागितले होते. कॉम्प्रेसर भाड्यानं आणला. तोंडाला फडकं बांधून गच्चीवर पाऊण तास. हात अजून गेलेला नाही माझा!

एक चूक झाली. काचेवरची मास्किंग टेप नीट बसली नव्हती, कडेनं रंग आत गेला. उद्या सकाळी सातला तिला मास्क पाहिजे. फडक्याला थोडा थिनर लावून पुसून काढला. लगेच पाण्यानं धुतलं. काच लख्ख.

२४ नोव्हेंबर

मास्क बघून मैदानावर सगळे वेडे झाले म्हणे. दोघांनी त्यांचे मास्क हिच्याकडंच देऊन टाकले — "काकांना सांग, आमचं पण करा."

संध्याकाळी विश्वजित तिला सोडायला आला. "काका, भारी केलायसा." मी हूं केलं आणि आत आलो.

२८ नोव्हेंबर

आणखी चार मास्क आले. शनिवारपर्यंत सहाही रंगवून परत द्यायचेत. छातीत घरघर. पण बरं वाटतंय.

१ डिसेंबर, रविवार

तेजस्वीच्या डोळ्याला लागलं. उजव्या.

३ डिसेंबर

आज लिहायला बसलोय. क्रांती दवाखान्यात आहे.

झालं ते असं. विश्वजित त्या दिवशी समोरच्या टीमकडनं खेळत होता. पत्र्याच्या कोपऱ्यावर दोघं अचानक समोरासमोर आले. त्यानं छर्रा मारला, गॉगलवर बसला. असे शंभर बसतात, त्याच्यासाठीच तर गॉगल असतो. पण काच फुटली. तुकडा डोळ्यात गेला.

त्यानंच उचलून गाडीत घातलं म्हणे. दवाखान्याच्या जिन्यात बसून होता, शर्टावर तिचं रक्त. क्रांतीनं त्याला हाकलला. "पोरीचं वाटोळं केलंस! तोंड दाखवू नगंस." तो जिना उतरून गेला.

६ डिसेंबर

नजर येणार नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. फौजदारकी गेली. हे त्यांनी सांगितलं नाही, पण तेजस्वीनं स्वतःच विचारलं, "भरतीत चालंल का?" ते तिच्या आईकडं बघत राहिले.

७ डिसेंबर

दवाखान्यानं तिच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. त्यात मास्क. आज दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा उन्हात धरून बघितला.

फुटलेल्या काचेच्या कडेनं केसासारख्या बारीक भेगा. शेकडो. छर्रा बसला त्या जागी नाहीत — खालच्या कडेला, मी फडकं फिरवलं बरोबर तेवढ्याच पट्ट्यात.

गाडीच्या हेडलाईटला थिनर लावायचा नाही. गॉगलची काच तरी काय, तसलंच फायबर. फायबर आतनं तडकतं, दिसत नाही, आणि एक दिवस नुसत्या खड्याच्या दणक्यानं फुटतं. हे गॅरेजात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी शिकवलंय. वीस वर्षं! एकाला त्यापायी कानफटात मारली होती.

मला माहीत होतं. घाई होती म्हणून पुसलं.

मास्क माळ्यावर टाकला. जुन्या रंगाच्या डब्यांमागं.

८ डिसेंबर

जिनेंद्र घरी आला. मैदान महिनाभर बंद ठेवलंय. चहा घेतला नाही, नुसता बसला. म्हणाला, "सयाजी, मी प्रत्येक बंदुकीचा वेग सकाळी मशीनवर मोजतो. विश्वजितची बरोबर होती. मग काच फुटली कशी रे?"

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं सुद्धा.

म्हणालो, "मोजल्यावर जास्त जोराची स्प्रिंग घातली असंल त्यानं."

जिनेंद्रनं मान हलवली. "आजकालची पोरं..." म्हणाला.

९ डिसेंबर

काल ते वाक्य माझ्या तोंडून आलं. मीच बोललो.

१४ डिसेंबर

गावभर झालं. विश्वजितनं बंदुकीत हात घातला होता. टीमच्या ग्रुपवरनं त्याला काढलं. जिनेंद्रनं त्याला मैदानावर यायची बंदी घातली. क्रांती तक्रार द्यायला निघाली होती. तेजस्वीनं अंथरुणातनं सांगितलं, "मी सही करणार न्हाई. त्यो तसलं करणार न्हाई." क्रांती म्हणाली, "आंधळी झालीस तरी आंधळीच हायस." मग स्वतःच ओट्याशी जाऊन रडली.

खरं सांगू? आत कुठंतरी मला बरं वाटलं होतं. त्या पोराचा विषय संपला म्हणून. हे इथं लिहिलंय. दुसरीकडं कुठं बोलू शकणार नाही.

१९ डिसेंबर

तेजस्वीनं चहा ओतला. कपाच्या बाहेर. पुसला, परत ओतला, परत बाहेर. मी उठलो तर म्हणाली, "बसा. शिकायला पाहिजे मला."

२७ डिसेंबर

मैदानी चाचणीची तारीख आली. मोबाईलवर मेसेज वाचला, मोबाईल पालथा ठेवला. जेवली नाही.

२ जानेवारी २०२५

विश्वजित दारात. क्रांती बाजारात गेली होती. बारीक झालाय. हातात दुधाचा कॅन. "काका, खरवसाचं दूध हाय. तिला आवडतं." मी दार अडवून उभा. आतनं तेजस्वीचा आवाज आला, "कोण हाय?" मी म्हणालो, "कोण न्हाई." त्यानं कॅन पायरीवर ठेवला आणि गेला.

कोण नाही!

८ जानेवारी

संकलन केंद्रावरनं त्याला काढलंय, जिनेंद्रनं फोनवर सांगितलं. "असल्या पोराला कोण ठेवून घेणार?" म्हणाला. आणि मैदान रविवारपासून परत सुरू करतोय.

अंथरूण धरावंसं वाटतं. खोकला वाढलाय. क्रांती म्हणते, पोरीची काळजी घेऊन घेऊन तुम्हीच पडाल.

११ जानेवारी, शनिवार

गेलो. सकाळच्या एसटीनं राधानगरीला. कुणाला सांगितलं नाही. घर विचारत विचारत पोचलो. त्याची आई शेणी थापत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले, आत गेली. विश्वजित गोठ्यात होता.

मी गोठ्याच्या दारातच बोलायला लागलो, नाहीतर परत फिरलो असतो. "तुझी चूक न्हाई. काच मी थिनरनं पुसलेली."

तो वैरण टाकत होता. टाकत राहिला.

"म्हाईत हाय काका."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणाला.

"मैदानावरच बघिटलं मी. चांगली काच छर्ऱ्यानं फुटत न्हाई, नुस्ता पांढरा डाग पडतुया. हिला बारीक भेगा हुत्या. आमच्यातल्या एकानं मागं पेट्रोलनं पुसलेली, तशाच."

"मग बोलला का न्हाईस? नोकरी गेली तुझी. गावभर नाव झालं!"

तो पहिल्यांदा माझ्याकडं वळला. "तिचा डोळा गेला काका. वर तिचा बापबी घालवू व्हय?"

मी गोठ्याच्या दगडावर बसलो. खोकला आला, थांबेना. त्यानं पाणी आणून दिलं. प्यालो. त्याच्या हातचं पाणी प्यालो मी!

निघताना म्हणालो, "उद्या तिला सांगणार." तो म्हणाला, "नगा सांगू." आई आतनं बोलली, पहिल्यांदाच — "सांगू दे त्यास्नी. लई दिस तूच वाहिलास."

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सातला तेजस्वीला सगळं सांगितलं. थिनर, माळा, जिनेंद्रला बोललो ते. रडली नाही. एकच विचारलं —

"बाकीच्यांच्या काचा कशानं पुसल्या पप्पा?"

खेळ आठला सुरू होणार होता. तिला घेऊन गेलो. सहाही मास्क मैदानावर लोकांच्या तोंडावरनं काढून घेतले, सगळ्यांसमोर का ते सांगितलं.

दोन काचांना भेगा आहेत.