शेवटच्या पानावरचं नाव

अमरावती,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

सौ. दीपमालाताईस,

गोवर्धनचा नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. थंडी पडायला लागली, कान बांधत जा, असं तिनं तुला सांगायला सांगितलं आहे. बाबा रोज सकाळी फिरायला जातात. भाऊजींना आणि सासूबाईंना नमस्कार सांग असं लिहिणार होतो, पण हे पत्र त्यांना दाखवायचं नाही, म्हणून तो राहू दे.

फोन केला असता. पण तुमच्या घरात तुझा फोन कोणीही उचलतं आणि उचलला की स्पीकरवर टाकतं. म्हणून इथं माहेरी आलेल्या वर्षालीच्या हाती देतो आहे. ती आज संध्याकाळच्या बसनं अकोल्याला परत येते. तुमच्या घरापासून तिचं घर चार दारांवर आहे, तिथंच बसून वाच आणि तिच्याच चुलीत टाक.

आधी एक विचारतो. सासूबाईंचं पुस्तक वाचून कितव्या पानापर्यंत आलं?

'नवरदेव सापडला' म्हणतो मी. शकुनबाईंचं 'नवरदेव हरवला आहे' तू लग्नाआधी वाचलंस, रात्री तोंडात पदर धरून हसायचीस. त्याचा हा दुसरा भाग. दसऱ्याला आमच्याच छापखान्यातून निघाला आणि महिन्याभरात संपला. दुसऱ्या आवृत्तीत मागं चार पानं वाचकांच्या अभिप्रायांची टाकायची असं आमच्या मालकांनी, महादेवरावांनी, ठरवलं. शकुनबाईंना येणारी सगळी पत्रं मग माझ्या टेबलावर यायला लागली. मीच उघडतो, मीच छपाईला जुळवतो, आणि ज्यांनी उत्तर मागितलं त्यांना बाईंच्या वतीनं दोन ओळी मीच लिहितो. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाकडे हे काम आहे, हे मी आईला फार कौतुकानं सांगितलं होतं.

आतापर्यंत त्रेचाळीस पत्रं आली. अचलपूरचे एक निवृत्त मास्तर लिहितात, पहिल्या भागाची सर नाही, लेखिकेनं घाई केली. परतवाड्याच्या एका कंडक्टरनं लिहिलं, बसमध्ये वाचत होतो, तीन थांबे तिकीट फाडायचं राहिलं. इथल्या राजापेठेतल्या एक बाई म्हणतात, नवरदेव सापडल्यावर मजा गेली, हरवलेला होता तेच बरं होतं. महादेवराव ते वाचून एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण पुस्तक आवडो न आवडो, एक प्रकरण सगळ्यांना आवडलं आहे. खिशाचं. एकतीस पत्रांत त्याचा उल्लेख आहे, मी मोजले.

त्यात नायिका कपड्याच्या कारखान्यात शर्टांना खिसे शिवते. तिला आवडणारा मुलगा चेकिंगला आहे, म्हणजे शिवलेला माल तपासायला. रोजच्या शेवटच्या शर्टाच्या खिशात ती त्याच्यासाठी चिठ्ठी टाकते. एके दिवशी तो सुट्टीवर असतो, शर्ट चिठ्ठीसकट पॅक होऊन दुकानात जातो आणि नायिकेचा होणारा सासराच तो विकत घेतो. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, 'उद्या डब्यात मुळा नाही. पावणेसहाला थांब्यावर या.' म्हातारा नवा शर्ट घालून पावणेसहाला थांब्यावर हजर.

ताई, मुळ्याचं वाक्य वाचून तुला कळलंच असेल.

शकुनबाई गेल्या उन्हाळ्यात अडल्या होत्या. पहिल्या भागानं लोकांना हसवलं, आता दुसऱ्याकडून तेवढंच हसू पाहिजे, आणि त्यांना काही सुचेना. पहिल्या भागाच्या नव्या आवृत्तीचं प्रूफ द्यायला गेलो की चहा देत आणि म्हणत, 'गोवर्धन, तुह्यी बहीण नांदगाव पेठेले कारखान्यात कामाले होती नं? तिथल्या पोरींचं काही सांग.' त्या एवढ्या शिकलेल्या, आणि मला विचारतात. मी सांगितलं. तुझं आणि चेकिंगच्या चंदनचं सांगितलं. सांगताना गंमत करून सांगितलं. लाइनच्या इनचार्जनं ती चिठ्ठी काढून चाळीस बायकांसमोर मोठ्यानं वाचली, तू डबा तिथंच टाकून घरी आलीस आणि पुन्हा गेली नाहीस, चंदन महिन्याभरात सुरतला निघून गेला, हे नाही सांगितलं. ते सांगितलं असतं तर त्यांनी लिहिलंच नसतं. मला ते ठाऊक होतं म्हणूनच नाही सांगितलं.

आता घाबरण्याचं कारण लिहितो.

काल सोमवारी तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. अकोल्याचा शिक्का, सात तारीख. तुझ्या राखीच्या पाकिटावर पत्ता त्याच लिहितात, म्हणून अक्षर ओळखीचं. त्यांनी लिहिलं आहे, जसंच्या तसं देतो:

'पुस्तक चांगलं आहे. मी दुपारी जेवणं झाल्यावर रोज पंधरा पानं वाचते, जास्त नाही, कारण संपलं की करमत नाही. आज ११८ झाली. मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते, छापखान्याचा पत्ता सुद्धा. खिशातल्या चिठ्ठीचं सूनबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसली नाही. मी म्हटलं, काहून वं, हसू नाही येत का तुले? ती म्हणे, आई, डोकं दुखून राहिलं. अशी चिठ्ठी कोण्या पोरीनं खरंच लिहिली होती का, का तुमच्या मनातलं आहे? खरं असेल तर त्या पोरीचं पुढं काय झालं ते कळवावं. उत्तरासाठी जोडकार्ड पाठवलं आहे.'

हे मी दहा वेळा वाचलं. कधी वाटतं, साधं विचारलं आहे. वाचकांना अशी उत्सुकता असतेच. कधी वाटतं, त्यांना सगळं कळलं आहे आणि त्या फक्त आमच्याकडून कबुली घेत आहेत. तुझ्या बघण्याच्या वेळी त्यांनी बाबांना तोंडावर विचारलं होतं, पोरगी कुठं बाहेर कामाला होती का. बाबा म्हणाले, उंबरठा ओलांडला नाही तिनं, घरीच शिवणकाम करे. मी चहाचा ट्रे धरून तिथंच उभा होतो.

पण नुसती चिठ्ठी वाचून त्या तुझ्यापर्यंत पोचल्या नसत्या. कारखान्यात हजार पोरी आहेत. त्या पोचतील ते पान २०८ मुळे. हे मी अजून लिहिलं नाही, म्हणजे मघापासून लिहायचं टाळतो आहे.

पान २०८ वर ऋणनिर्देश आहे. त्यात शेवटून दुसरी ओळ अशी: 'नांदगाव पेठेच्या कारखान्यातल्या गमती सांगणारे श्री. गोवर्धन नत्थुजी काळमेघ आणि त्यांच्या भगिनी सौ. दीपमाला (अकोला) यांची मी ऋणी आहे.'

शकुनबाईंनी मनापासून लिहिलं. शहाण्या बाई आहेत, मला बोलावून म्हणाल्या, 'तुह्यं आणि तुह्या बहिणीचं नाव टाकलं मागं. घरी विचारून घे. नको असंन तर काढून टाक, मले विचारू नको.' मी घरी विचारलं नाही. ते पान मी स्वतः जुळवलं, तीनदा प्रूफ पाहिलं. श्री. गोवर्धन नत्थुजी काळमेघ. ताई, माझं नाव आजवर फक्त नापासांच्या यादीत छापून आलं होतं. तुझं नाव काढलं तर वाक्य अर्धवट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे वाक्य मोडायला गेलो तर सगळंच जाईल अशी भीती होती. म्हणून तू राहिलीस तिथं.

रात्री मी हिशेब केला. सात तारखेला ११८, रोज पंधरा. गुरुवारी दुपारी २०८ येतं.

पहिल्यांदा वाटलं, तुला लिहावं की ते पान ब्लेडनं काप. पण तो सोळा पानांचा फॉर्म आहे, म्हणजे एकच कागद दुमडून मधे शिवलेला. शेवटचं पान कापलं की त्याचं जोडीचं पान, १९३, सैल होऊन हातात येतं, आणि नवरदेव सापडतो तो नेमका त्याच पानावर. सासूबाई ते पान शोधायला लागतील, शेजारच्यांची प्रत मागतील. आणि मी तुझ्या हातात ब्लेड देऊन स्वतः इथं बसलो, असं होईल. तसं करू नकोस.

त्याहून वाईट मी कालच करून बसलो आहे. ते जोडकार्ड. महादेवराव म्हणाले, सगळी उत्तरं आजच्या आज टाक. मी बाईंच्या नावानं लिहिलं, 'सदर प्रसंग संपूर्णपणे काल्पनिक आहे. अशी कोणतीही मुलगी नाही.' आणि टपालपेटीत टाकलं. टाकल्यावर हात पेटीच्या तोंडात तसाच राहिला, मागचा माणूस म्हणाला, 'काय भाऊ, आत जाता का?' ते कार्ड उद्या नाहीतर परवा तुमच्या घरी पोचेल. म्हणजे एका हातात मुलगी नाही म्हणणारं कार्ड आणि दुसऱ्या हातात मुलीचं नाव छापलेलं पान. नुसतं पान असतं तर तू काही सांगू शकली असतीस. खोटं बोलून मी तुझी तीही वाट बंद केली.

दुसऱ्या आवृत्तीतून ओळ काढायला मी आज सकाळीच शकुनबाईंकडे गेलो. त्यांना खरं सगळं सांगितलं, डब्यापर्यंत. त्यांनी ते प्रकरण उघडून पुढ्यात ठेवलं. मग म्हणाल्या, 'लोक हसले रे या प्रकरणाले.' एवढंच. ओळ निघेल. प्रकरणही काढते म्हणाल्या. पण अकोल्यात गेलेल्या प्रतीचं काय करणार?

मी गुरुवारी सकाळी सातच्या बसनं निघतो. दहापर्यंत पोचेन, जेवणं होऊन पुस्तक उघडण्याच्या आत. कार्ड मी लिहिलं आणि खोटं लिहिलं, एवढं मी सासूबाईंच्या पायाशी बसून सांगणार आहे. ते माझं आहे. पुढचं, चंदनचं आणि डब्याचं, सांगायचं की नाही ते तुझं आहे. तू गप्प राहिलीस तर मीही गप्प राहीन, त्यांनी मारलं तरी. तू बोललीस तर मी तुझ्या शेजारी बसेन. बाबांनी सांगितलं ते खोटं होतं का, हे सासूबाईंनी मला विचारलं तर मात्र मला उत्तर येत नाही.

माझ्याशी बोलू नकोस, चालेल. आयुष्यभर राखी पाठवू नकोस, तेही मी समजेन. फक्त गुरुवारी कडी वाजली की दार तू उघड. त्यांनी उघडलं तर माझ्या तोंडून काय निघेल, मला माहीत नाही.

तुझा,
गोवर्धन