बूट चावतोय

आप्पा, चाकणच्या कंपनीतून घरी आलात की तुम्ही आधी घोटे चोळायचात. आईनं विचारलं की ठरलेलं उत्तर, "बूट चावतोय." कंपनीचे बूट म्हणजे निम्मं लोखंडच, त्यामुळे आम्हाला ते पटायचं. मग चाळिशीत तुम्ही बदललात. चालू मशीन सोडून गेटवर जाऊन बसायचात, मयताला जाऊन हसायचात, भर पंगतीत शेजाऱ्याच्या ताटातली जिलेबी उचलायचात. सुपरवायझरनं तोंडाचा वास घेतला, काही निघालं नाही, तरी गावानं तुम्हाला दारुडा ठरवलंच. तुम्ही गेलात, तरी त्या लोकांचा मला अजून राग येतो.

मध्यंतरी चिखलीत साधा जिना उतरताना आपल्या धाकट्याचा घोटा मोडला. एक्स-रेत हाडाला पोकळ्या दिसल्या. घरात आधी कुणाला असं काही होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आईनं तुमचे घोटे सांगितले, जिलेबीही सांगितली. मग त्याचं रक्त तपासलं. ट्रेम-टू नावाचा जीन आहे म्हणे. मेंदूतला कचरा साफ करणाऱ्या पेशींच्या अंगावर कचरा ओळखणारा एक रिसेप्टर असतो, तो या जीनमुळे बनतो. हाडांतल्या पेशींनाही तोच लागतो. म्हणून आधी हाडं जातात, मग डोकं. जीनच्या दोन प्रती असतात, एक धड असली तरी सहसा भागतं. धाकट्याच्या दोन्ही बिघडलेल्या, एक तुमच्याकडची, एक आईकडची. तुम्ही मामाची मुलगी केलीत, आजोबांनीही तेच केलं होतं, आपल्यात रीतच ती. आई म्हणाली, "म्हंजी त्यांनी कधी घेतलीच न्हाई. मी सांगत व्हते ना समद्यांना?" आणि मग धाकट्याकडं बघून रडायला लागली.

माझंही रक्त दिलंय. रिपोर्ट तयार असल्याचा फोन येऊन गेला, पण मी कामावर जाताना लॅबचा रस्ताच टाळतो, लांबचा वळसा घेतो. मशीनपाशी उभं राहून एकदा या पायावर भार देतो, एकदा त्या. कुणी विनोद केला की मी जरा जास्तच हसलो का, हेच डोक्यात घोळत राहतं. भीती वाटते, आप्पा.

हे कुठं पाठवणार, मोबाइलमध्येच राहील. म्हणून तुम्हाला एकट्याला सांगतो. काल बायकोनं विचारलं, "अहो, लंगडताय का?" मी म्हणालो, "बूट चावतोय." तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. पायात चप्पल होती.