पाटीखालचं नाव

१२ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

आई ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, ती नाही.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दुकानाची पाटी नव्याने रंगवायला दिली. दादांनीच रंगवलेली. वरचा रंग खरवडला, तर खाली माझं नाव निघालं. वळण दादांचं. त्याखाली 'शिवणकाम'. शेजारचा चांभार म्हणाला, ते दुकान माझ्या जन्माआधीच बंद झालं, आणि चालवणारी बाई त्याच नावाची होती.

दादा मला सांगायचे, तू पहाटे जन्मलीस, नावाचा अर्थही पहाट, आणि ते आत्याने सुचवलं. जुना रंग खरवडल्याशिवाय नवा लावू नये, हेही त्यांनीच शिकवलं. ते गेल्यावर मी बापाचा ब्रश हाती घेतला तो त्याच भरवशावर. ही पाटी मात्र त्यांनी नुसती झाकली होती.

खरं काय ते तू सांग. आईला बोलले नाही.

माया आहेच, उत्तरही येऊ दे.

तुझी भाची

१९ मार्च

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू जन्मलीस भर दुपारी. मी दवाखान्याबाहेर बाकावर घामाघूम बसले होते. दादाने तिथेच गाठून सांगितलं, नाव तू सुचवलंस असं म्हण. मी म्हटलं. त्या शिवणकामवालीशी त्याचं ठरलं होतं. आमच्या वडिलांनी मोडलं. ती दुकान बंद करून निघून गेली. पुढे काही नव्हतं, एवढं खरं.

वहिनीला कळू देऊ नकोस. या वयात तिचा संसार खोटा ठरवून काय मिळणार? पाटीवर दोन हात रंग मार आणि मोकळी हो.

रागाव, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझी आत्या

२८ मार्च

ती. स्व. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र वाचत होते, पाटी समोर उघडीच होती. झाकायच्या आत आई चहा घेऊन आली. तिने नाव वाचलं. कप ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाली, इतकं सुबक वळण त्यांना पुन्हा कधी जमलं नाही.

कधीपासून ठाऊक आहे, विचारलं. नाव ठेवलं त्या दिवसापासून, म्हणाली. तुझ्या आत्याला खोटं बोलताना कानाची पाळी ओढायची सवय आहे.

आईने मला आजवर चिंगीच म्हटलं. खरं नाव तिच्या जिभेला जड, म्हणून आपण हसायचो. तूही हसायचीस. तुम्हा तिघांना ठाऊक होतं. जिचं नाव, तिलाच नव्हतं.

मी तिला म्हटलं, एकदा मला नावाने हाक मार. तिने कप पुढे सरकवला आणि म्हणाली, चहा निवतोय, चिंगे.

पाटी पार लाकडापर्यंत खरवडली आहे.

लोभ ठेवायचाच असेल, तर पत्राखालच्या नावावर ठेव.

चिंगी