कोपऱ्यातला शब्द

किन्नौर, हिमाचल
४ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास,
अभिनंदनचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. लिहायला बसलो तेव्हा जून होता. मग बागेत एक खेचर शिरलं, त्याला हाकलायला गेलो आणि खेचरवाल्याबरोबर दोन दिवस वरच्या गावात राहिलो. हसू नको. आता सफरचंदाच्या बागेत पेट्या ठोकतोय. फोनला रेंज न्हाय, आणि असती तरी तुला फोनवर कुठं धड ऐकू येतं.

आज डिंकाच्या डब्यावर 'रॅपिड' असं छापलेलं दिसलं आणि आपलं खळं आठवलं. तंबाखू वाळत घातलेला, आपण दोघं राखणीला, आणि तू डी.एड.चा सराव म्हणून माझ्या एकट्याचा वर्ग भरवायचीस. पुस्तकातली विशेषणं माझ्या डोक्यात शिरायची न्हाईत, म्हणून तू गावातलीच दाखवायचीस. तंबाखूचं पान हिरव्याचं तांबूस होतं ते ग्रॅज्युअल. तवंदी घाट उतरणारी गाडी रॅपिड. लाईट जाते ती सडन. आणि आप्पा बोलता बोलता मध्येच पायताण घालून निघून जातात ते अब्रप्ट. दहावीत गणितानं मला घरी बसवलं, पण ही चार अजून पाठ हायत.

आता मुद्द्याचं. एप्रिलात बेळगावच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना बाहेर नेऊन सांगितलं होतं, काचबिंदू हाय, आप्पांची नजर जाणार, फक्त किती वेगानं ते सांगता येत न्हाय. आप्पांना यातलं काही कळू द्यायचं न्हाय असं आपलं ठरलं, आणि मेमध्ये मी पळालो. त्याला दुसरा शब्द न्हाय.

मला आप्पांसमोर उभं राहायचंय, त्यांना माझं तोंड दिसतंय तोवर. पण तू कळवणार कसं? घरातलं प्रत्येक पत्र आप्पा आधी वाचणार, मग स्वतः पाकीट चिकटवणार, मग बाजाराच्या दिवशी निपाणीच्या पोस्टात टाकून येणार. त्यांच्या नकळत शाळेतून पत्र टाकणं तुला जमायचं न्हाय. त्यांना मराठी येतं, कानडी येतं, इंग्रजी न्हाय. तर नजर कशी उतरतेय ते सांगायला तू खालच्या कोपऱ्यात चारातला एक शब्द लिही. मला कळेल. हे पत्र म्हणूनच तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय.

रागावलीस तरी माया कमी करू नको.

तुझा
अभिनंदन


निपाणी
१९ ऑगस्ट २०२४

।। श्री ।।

चि. अभिनंदन यास,
राजश्रीचे अनेक आशीर्वाद.

खेचरामागे गेलेल्या माणसाला पत्र सुचलं, हेच पुष्कळ. घरी सर्व क्षेम. सोयाबीन बरं आलंय. आप्पा रोज मंदिरात जातात. आत्ता भिंग घेऊन शेजारीच बसलेत आणि पत्र संपायच्या आतच तपासणी सुरू झालीय. मास्तरीणबाईचं अक्षर मुंगीएवढं, असं म्हणतात. तुला लिहायला सांगितलंय, दाढी वाढवली असशील तर काढून ये, न्हायतर कुणी साधू आला म्हणून मीच पाया पडायचो.

कोपऱ्यातला शब्द मी आधीच लिहून ठेवला होता, तो कसला ते विचारत होते. मी म्हटलं, पोराची विशेषणं गंजू नयेत म्हणून. हूं म्हणाले आणि पायताण घातलं.

अंगावर गरम कपडे ठेव आणि आमची आठवणही.

तुझी आक्का

ग्रॅज्युअल


किन्नौर
९ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

ग्रॅज्युअल वाचलं. आपण खळ्यावर रोज पान उलटून बघायचो, रोज कालच्यासारखंच दिसायचं. किती दिवस जायचे त्यात. तेव्हा वेळ हाय.

आणि ऐक, इथं कोण भेटावं? रवळू. आपल्या बेळगुंदीचा, ट्रक चालवतो. चहाच्या टपरीवर त्यानं कुणाला तरी मराठीत शिवी दिली आणि मला रडूच आलं. त्याला स्पितीत माल टाकायचाय. म्हणतो, चल की रं, तिकडं आभाळ हाताला लागतंय. तेवढं बघतो आणि दिवाळीला घरी येतो. नक्की.

आप्पांना साष्टांग. दाढी हाय, पण बारीक.

तुझाच,
अभिनंदन


निपाणी
२३ सप्टेंबर २०२४

।। श्री ।।

चि. अभिनंदन यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं दिसतंय ना? आप्पांची फर्माईश. पानात आता थोडंच मावतं. परवा मंदिराच्या सातव्या पायरीला शेवटची समजून पुढं पाऊल टाकलं आणि खाली बसले. लागलं नाही. मी हसले, तेही हसले. स्पिती पुढच्या वर्षीही जागेवरच असेल.

वाट बघणारी,
आक्का

रॅपिड


अंबाला
१२ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं त्याच दिवशी निघालो. स्पिती राहिली. रवळूच्याच ट्रकनं येतोय. गाडी इथं दोन दिवस बंद पडली. खरं सांगायचं तर एकच दिवस, दुसऱ्या दिवशी आम्ही कुस्त्या बघत बसलो. त्यातला एक पैलवान अगदी आपल्या नागेंद्रमामांसारखा लंगडत होता. असो.

रेंज आली म्हणून घरी फोन केला, आप्पांनी उचलला. म्हणाले, मी लई बरा हाय, उगं घाई करू नको, आणि ठेवला. अब्रप्ट. मला वाटतं बरेच असतील, त्याशिवाय इतकं कमी बोलले नसते. इंदूरला माल उतरवायचाय, पंचवीसपर्यंत तिथं. रवळूच्या मालकाचा पत्ता मागं लिहिलाय. मग सरळ घर.

कान धरायला मोकळा हात ठेव.

तुझा
अभिनंदन


निपाणी
१९ ऑक्टोबर २०२४

।। श्री ।।

चि. अभिनंदन यास,
अनेक आशीर्वाद.

या पत्रात कोपऱ्यात शब्द शोधू नकोस, त्याची गरज उरली नाही. सरळ मराठीत लिहिते. गुरुवारी सकाळी आप्पांनी भिंग टेबलावर ठेवलं, ते परत उचललं नाही. खिडकी कुठं आहे ते कळतं. समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण ते नाही. बेळगावला जाऊन आलो. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

काल तुला लिहायला बसले, तर आप्पांनी नेहमीसारखा हात पुढं केला. मी कागद दिला. त्यांनी तो नुसता चाचपला, घडी घातली आणि पाकीट मागितलं. माझा धीर सुटला. आपलं काय ठरलं होतं ते सगळं सांगून टाकलं.

तर म्हणाले, व्हय, ठाऊक हाय. पहिला शब्द बघितला तेव्हाच शेजारच्या आरोहीकडून अर्थ काढून घेतला होता, दुसऱ्याचाही. मी विचारलं, मग फोनवर खोटं का बोललात? म्हणाले, पोराला अजून घाट उतरायचाय. रॅपिड नको.

रात्रभर पत्र तसंच राहिलं. आज सकाळी मला परत बसवलं आणि सांगितलं, असं लिही. तुझ्या आक्कानं तुला शिकवलं, लाईट जाती ती सडन. माझी तर सावकाश गेली, सगळं बघून झाल्यावर. सडन ती येती. माणसं अंधारात बोलत बसलेली असतात आणि एकदम दिवा लागतो. तसा ये. तोंड दिसंना का, पायताण वाजलं की वळखतो मी.

दार उघडंच असतं, ते काही नव्यानं लिहायला नको.

तुझी आक्का

ता. क. वर लिहिलं ते खोडत नाही, पण कोपऱ्यात शब्द आहे. आरोहीनं एकेक अक्षर कुठं काढायचं ते सांगितलं, आप्पांनी स्वतः लिहिलं. हात धरू दिला नाही. ओळ घसरत पार कागदाच्या कडेला गेलीय, तेवढं समजून घे.

सडन