बासष्ट मीटरवरचा समुद्र

तीर्थस्वरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने परवानगी दिली असती तर प्रत्यक्षच घातला असता; तूर्त खुर्चीत बसून घातलाय असं धरून चाला.) तुमचा रक्तदाब आणि ताईचं त्या रक्तदाबावरचं लक्ष, दोन्ही जागेवर असतील अशी खात्री आहे. आम्ही खुशाल आहोत, आणि नुसते खुशाल नाही, तर समुद्रकाठी खुशाल आहोत. होय दाजी, मीच शोधलं! ज्या माणसाला साधी चप्पल धड विकत घेता येत नाही असं ताई चारचौघांत सांगते, त्याच माणसाने चार जणांसाठी, पेन्शनीत बसतील अशा, लहान मुलीला घेऊन राहता येईल अशा दोन खोल्या समुद्राला लागून मिळवल्या आहेत. एवढं वाक्य तिला जरा मोठ्याने वाचून दाखवा.

खोल्या का हव्या होत्या ते तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्या बड्या हॉटेलच्या तलावात आमची पिटुकली घसरली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि तेव्हापासून नात पाण्याला शत्रू मानते. डोकं धुवायचं म्हटलं की तीन घरं पलीकडे ऐकू जातं. ते एक वेळ सोसलं असतं. पण लेकीने मनाला लावून घेतलं. माझंच लक्ष नव्हतं, एवढं एक वाक्य ती बोलली आणि वर्षभर नुसती कामापुरती बोलत राहिली. बापाला ते बघवत नाही, दाजी. म्हणून मी जाहीर केलं की या सुट्टीत पोर आपल्या पायाने पाण्यात जाईल, आणि जागा मी शोधीन. सौ.ने फक्त एक सुस्कारा सोडला. (तिचे सुस्कारे वाचायला मला आता चष्मा लागत नाही.)

मी जमीन मोजणीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. ऐकीव माहितीवर आम्ही सही करत नाही. एकटाच फीत घेऊन पाहणीला निघालो. पहिल्या घराच्या पाटीवर लिहिलं होतं, समुद्र दिसतो. दिसत होता, खोटं कशाला बोलू. न्हाणीघरात बादली पालथी घालून वर चढलं आणि झरोक्यातून मान डावीकडे काढली, की दिसत होता. मालक खालून बादली धरून उभा होता, म्हणजे हे दर्शन तो रोजच घडवत असणार. दुसरं घर अगदी वाळूत, पण भिंतीवर सूचना लावलेल्या: पळू नये, ओरडू नये, वाळू आत आणू नये, ओले पाय लावू नयेत. शेवटी मी विचारलं की मुलं चालतात ना? तर बाई म्हणाल्या, चालतात की, झोपलेली.

तिसरं घर एका निवृत्त नर्सबाईंचं. आवाज असा की रोगी भीतीनेच बरे होत असतील. खोल्या स्वच्छ, पलंग न करकरणारे (मी स्वतः चारही बाजूंनी बसून पाहिले), भाडं ऐकून मी दोनदा विचारलं. मग फीत काढली. उंबऱ्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत बरोब्बर बासष्ट मीटर! मी नकाशा काढला, उत्तर दिशा दाखवली, अंतर लिहिलं आणि बाईंची त्यावर सही घेतली. सही करताना त्या म्हणाल्या, "अहो, पण तो काही सारखा तिथंच नसतो." मला वाटलं, नवऱ्याबद्दल बोलताहेत. अशा घरगुती बाबतीत आपण कशाला पडा, म्हणून मी मान हलवली आणि विसार देऊन निघालो.

मंगळवारी भर दुपारी सगळ्यांना घेऊन पोचलो. वाटेत नकाशा दोनदा दाखवून झाला होता. सामान ठेवलं, सगळ्यांना ओटीवर रांगेत उभं केलं, आणि हात पुढे केला. समुद्र नव्हता, दाजी. ओली वाळू होती, तिच्यापुढे आणखी वाळू होती, आणि पार टोकाला एक चकाकती रेघ. सौ.ने नकाशा हातात घेतला, एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं की तुमचा समुद्र मोजणीला गेलाय का? लेकीने पिशवी उघडलीसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं. मी फीत घेऊन तसाच निघालो. तीस मीटरची फीत सोळा वेळा टाकली आणि मग मोजणं सोडलं. ओहोटी हा शब्द मला शाळेपासून माहीत आहे हो, पण ती एवढं मनावर घेते हे कुणी सांगितलं नव्हतं. पस्तीस वर्षांत माझ्या एकाही हद्दीने जागा सोडली नव्हती!

मागे वळून पाहतो तर पिटुकली माझ्या पावलांवर पावलं टाकत येतेय. तिला काय, नुसती वाळू. वाळूला ती घाबरत नाही. वाटेत वाळूत ठिकठिकाणी पाणी साचून राहिलेलं, बोटभर खोल, उन्हाने कोमट झालेलं. त्यात नखाएवढे मासे. ती थांबली, वाकली, आणि बघता बघता फ्रॉकसकट त्या पाण्यात बसली! मी हाकसुद्धा मारली नाही. ओटीवरून लेक धावत आली आणि चार हातांवर थबकली. पोर मासे मोजत होती. (मोजत होती! रक्तातच आहे.) लेक तिथंच वाळूत बसली आणि तोंडावर पदर धरून रडली, आणि मी दूर क्षितिजाकडे अत्यंत तांत्रिक नजरेने पाहत राहिलो.

आता नर्सबाई सांगतात की असा सपाट, उथळ किनारा आसपास कुठेच नाही. भरतीसुद्धा इथे पायरी पायरीने, विचारून आत येते. हे मी आधीच हेरलं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, आणि तुम्हीही तसंच सांगावं. रोज संध्याकाळी पाणी वर येतं तसे पिटुकली आणि मी पुढे जातो. काल पोर माझं बोट घट्ट धरून तिच्या गुडघ्यापर्यंत आत गेली. लाट आली तरी हटली नाही. पाठीमागून सौ.ने चक्क टाळी वाजवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी वाजलेली ही पहिली टाळी. छाती अशी फुगली आहे की सदऱ्याचं वरचं बटण लागत नाही.

ताईला नमस्कार, आणि तुम्हाला पुन्हा एकदा, खुर्चीतूनच.

तुमचा (आता जागा शोधण्यात तरबेज झालेला),
मेहुणा

ता. क. : टाळी बहुतेक पिटुकलीसाठी असावी. विचारायचा धीर झाला नाही.

दुसरा ता. क. : तुम्ही रविवारच्या आत इकडे या. फोनवर हे बोलता येत नाही, घर लहान आहे. वर मी लिहिलंय की पोर माझं बोट धरून आत गेली, ते उलटं वाचा. लाट आली तेव्हा मी मागे पळायला निघालो होतो आणि तिनेच मला धरलं होतं. म्हणाली, "घाबरू नको, मी आहे ना." दाजी, मला पोहता येत नाही. घोट्याच्या वर पाणी मला कधीच सोसलेलं नाही, आणि हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आता नातीने फर्मान काढलंय की रविवारी कमरेपर्यंत जायचं. मी आशेने विचारलं, तुझ्या कमरेपर्यंत ना? तर म्हणाली, "नाही, तुझ्या." तुम्ही इतक्यांना पोहायला शिकवलंत, मला नुसतं उभं राहायला शिकवा. ताईला सांगा, मोजणीच्या कामाला बोलावलंय.

तिसरा ता. क. : पाकीट आणायला उठलो तेवढ्यात लेकीने हे सगळं वाचलं. वाचून इतकी हसली, इतकी हसली की नर्सबाई आतून रागवल्या. वर्षभर हे हसणं ऐकलं नव्हतं, म्हणून वरचा एकही शब्द खोडत नाही. पण तुम्ही या; रविवार काही टळलेला नाही.